एकास दहा

निरोपाच्या पाकिटात सव्वीस हजार निघाले.
मालूला गिझर हवा होता.
मी खोकं घेऊन आलो.

आत चित्रांचं पुस्तक,
पिशव्या ए पासून जी पर्यंत,
आणि स्क्रू असे, की तांदळात सांडले
तर निवडायला मालूच लागेल.
"चारशे बारा," तेजल म्हणाली. शेजारची, सातवीतली.
खरंच मोजले होते तिनं.

"ह्यात गाडी कुठाय?" मालूनं विचारलं.
हीच, म्हटलं.

बी पिशवीत क्राउन आणि पिनियन.
तळहातावर घेतले,
दोन्ही मिळून एका सुपारीचं वजन.
एकतीस वर्षं गोकुळ शिरगावात
हेच कापले मी, ताटाएवढे,
कूलंटच्या पांढऱ्या धारेखाली,
आणि पुसून, तेल लावून, खोक्यात भरून
गेटापर्यंत पोचवले.
पुढं कुठल्या गाडीत बसले,
कुठल्या घाटात दमले,
कुणी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

सवयीनं खेळ तपासला. बॅकलॅश जास्त.
माझ्या टेबलावर आला असता
तर लाल रंग लावून बाजूला टाकला असता.
इथं कागदाएवढा शिम घातला, ग्रीस भरलं,
बोटानं फिरवला,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून
कानाशी नेला.

चौथ्या दिवशी एक क्लिप उडाली.
फरशीवर एकदा टिक् वाजली, बास.
दोन दिवस आम्ही पोहे सावकाश चावले.
अजून घरातच असेल ती.

शॉकच्या नळ्यांत तेल भरून
उभ्या ठेवायच्या, बुडबुडे वर येईपर्यंत.
पुस्तकात तिथं फक्त घड्याळाचं चित्र आहे.
रात्री दोनदा उठलो बघायला.

बॉडी पारदर्शक. रंग आतून द्यायचा,
आणि उलट्या क्रमानं:
आधी बारीक पट्टे, मग मोठा हिरवा,
सगळ्यात शेवटी काळा, मागून.
बाहेरची फिल्म तेजलनं सोलली
तेव्हा मालू भाकरी टाकायची थांबली.
"बाई गं," एवढंच म्हणाली.
तवा धुरकटला.

उद्यमनगरात दस्तगीरनं
पुढच्या चाकांसाठी पितळेची दोन कडी टर्न करून दिली.
"पळती किती?"
माणसाच्या चालीपेक्षा हळू.
"आणि त्यात वजन वाढवालाईस?
पैसं घालून गाडी हळू करालाईस व्हय भावा?"
मजुरी घेतली नाही.
येड्याकडनं घेत नसतोय, म्हणाला.

रविवारी टोपच्या बंद खाणीत गेलो.
"ह्या हिशेबानं तुम्ही सतरा सेंटिमीटर, काका," तेजल म्हणाली.
म्हणजे समोरचा गुडघाभर काळा दगड
दीड मजला.

गाडी दगडाला लागली.
टायर चेपला, चाचपडला, धरला.
डावं चाक हवेत गेलं तरी फिरत राहिलं,
उजव्याच्या वेगानं, एकाच एक्सलवर,
एक बोट सरकली.
परत एक बोट.
मी दगडपुडीत पालथा झोपलो,
धुवट शर्टासकट,
गाल जमिनीला लावून
खालून बघत राहिलो.
चढताना असा दिसतो होय.

वरच्या कडेला ती थबकली,
मागं झुकली,
आणि पितळेसकट उलटी आली खाली.
चारी चाकं आभाळाकडं, फिरतायत अजून.
अंगठा रिमोटवरनं काढायचा राहिलाच होता.

तेजल सरळ करायला धावली.
थांब, म्हटलं.
खाणीत दुसरा आवाज नव्हता.
ऐकलं.
उजवीकडं, पुढं. जरासा जास्तच आहे खेळ.

आणखी एक शिम बसेल.